रिटर्नचा फोन

मंगळवार, १९ ऑगस्ट

कमळकाकींच्या वडपे गावातल्या गोदामावर नवी पाटी लागली आहे. केसरीनाथ पाटलांनी ती स्वतः पाहिली. त्यांचं गोदाम भिंतीला भिंत लागून आहे, तेव्हा चुकण्याचा प्रश्न नाही.

सकाळी इन्कम टॅक्स रिटर्नचे कागद द्यायला आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, काकीचा गाला भाड्यान गेला आनि आमाला पेढंच न्हाय?"

मी म्हटलं, गेला नाही अजून.

"न्हाय कसा? पाटी लागली ना! दोन मानसां आल्ती, शिडी घेऊन. एकान ठोकली, दुसरा खाली हुबा र्‍हायला. मंग त्यानं फोटो काढला. लगनाचा काढतान तसा. मी बोल्लो, अरे हसा तरी!"

पाटीवर काय लिहिलंय विचारलं तर शेवटी 'ट्रेडर्स' होतं एवढंच त्यांना आठवत होतं.

काकींचा गाळा मार्चपासून रिकामा आहे. आधीचा प्लास्टिकच्या डब्यांचा व्यापारी सोडून गेला, भाडं थांबलं, आणि काकींचं रिटर्न मी भरते, त्यावरून मला कळलं. काकींनी ते घरात सांगितलेलं नाही. त्यांचा पुतण्या दीपेश दोन वर्षं त्या गाळ्यावर डोळा ठेवून आहे. त्याचे दोन डंपर आहेत, सुटे भाग ठेवायला जागा हवी. एकदा आत शिरला की बाहेर निघणार नाही, हे काकींचं म्हणणं. त्यांना मूल नाही, नवऱ्यामागे तेवढा एक गाळा त्यांच्या हक्काचा. "गाला रिकामा हाय ते तुला न् मना ठावं, तिसऱ्याला न्हाय," असं बजावून ठेवलंय. म्हणून केसरीनाथांपुढे मी जास्त बोलले नाही.

दुपारी माझ्या ऑफिसातल्या प्रितेशला सांगितलं. तो हसला. म्हणाला, "ताई, तिकडे शटर सगळे एकसारखे. दुसऱ्याची पाटी चुकून लावली असणार. उद्या काढतील."

पटण्यासारखं आहे. पाऊस एवढा आहे की जाऊन बघणंही शक्य नाही. रस्त्यावर कमरेएवढं पाणी आहे असं दूधवाला म्हणत होता.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

यंदा मुदत पंधरा सप्टेंबरपर्यंत वाढवून दिली, म्हणून लोक निवांत आहेत. जुलैमध्ये येणारे आता येताहेत आणि ऑगस्टमध्ये येणारे गणपतीनंतर येऊ म्हणतात. प्रितेश नसता तर या वर्षी माझं काही खरं नव्हतं. पोर्टल दर वर्षी नवं रूप घेतं आणि माझे डोळे दर वर्षी जुने होतात.

तो जूनमध्ये आला. जीएसटीचं काम करतो, रिटर्नच्या हंगामात हाताखाली घ्या, पैशांचं नंतर बघू, म्हणाला. कोणी पाठवलं ते विचारायचं राहिलंच. तिशीचा असेल. बोलणं मऊ. भाऊंच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कानयंत्राची बॅटरी संपली होती, ती दुसऱ्या दिवशी स्वतःहून घेऊन आला. माझ्या लक्षात नव्हतं, याच्या राहिलं.

आज त्याला माझी पद्धत समजावत होते. माणसाकडे कागद मागितला की तो घाबरतो. त्याच्याकडे चहा मागावा. मी ज्यांच्या घरी जाऊ शकते त्यांच्या घरीच जाते. अंगणात ताडपत्रीखाली गाडी दिसते. भिंतीवर मुलीचा कॉलेजच्या पहिल्या दिवसाचा फोटो दिसतो, मग फी विचारता येते. कोन गावच्या एका पॉवरलूमवाल्याने ठेवीचं व्याज तीन वर्षं लपवलं होतं, सरकारपासून नाही, बायकोपासून. ती आत गेल्यावर त्याने मला खुणेने सांगितलं. अशी माहिती कुठल्या फॉर्मात येते?

प्रितेश म्हणाला, "ताई, तुम्ही सांगता किती छान. तो कोनवाला एकटाच राहतो का आता?"

मी म्हटलं हो, बायको गेली दोन वर्षांपूर्वी, मुलगा मस्कतला. मग शेलार गावच्या शिक्षिकेचं सांगितलं, मग कमळकाकींचं. तो काही लिहून घेत नाही, पण पुढच्या वेळी सगळं बरोबर आठवतं. अगदी माझ्यासारखं. इतक्या वर्षांत असा ऐकणारा मिळाला नव्हता. भाऊंना सांगायला गेलं तर ते म्हणतात, मोठ्याने बोल, आणि मोठ्याने बोलायच्या या गोष्टी नव्हेत.

रिटर्नचा फोनही त्याला समजावून दिला. जुना काळा हँडसेट आहे. निम्म्याहून जास्त पक्षकारांच्या खात्यांवर त्यांचा नाही, माझा हा नंबर आहे. आमच्याकडे सगळे असंच करतात. "ताई, तुमचाच टाका, आम्हाला ते आकडे कळत नाहीत," म्हणतात. ओटीपीचे आकडे येतात, मी घालते, काम होतं. कमळकाकींच्या तर आधार कार्डालाच हा नंबर जोडून घेतला आहे. "बाय, तुजाच टाक. माजे फोनान काय आलं का ती पोरां पयले वाचतान."

भाऊ जेवताना म्हणाले, "हा मुलगा विचारतो फार. सांगत काही नाही."

मी म्हटलं, तुम्हीही नगरपालिकेत घरपट्टी वसूल करताना हेच करायचात.

"म्हणूनच सांगतोय," म्हणाले, आणि आमटीत मीठ कमी आहे यावर घसरले.

सोमवार, १ सप्टेंबर

गौरीच्या जेवणाला काकींकडे वडप्याला गेले होते. दर वर्षी बोलावतात. त्यांच्या घरच्या गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. तांदळाची भाकरी आणि खाडीची कोलंबी. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरीला नाही म्हटलं तर काकी म्हणाल्या, "सरकारचे हिशेब करून करून तुजं पोट पन सरकारी झालंय. काय घेतच न्हाय."

दीपेश पडवीत होता. माझ्याकडे बघून मान हलवली. हा मुलगा मला कधीच आवडला नाही. काकी मला आतल्या खोलीत नेऊन बोलतात तेव्हा तो दारापाशी उगाच घुटमळतो.

घरी परतताना रिक्षा गाळ्यावरून घेतली. पाटी नाही. काकींचं कुलूप जागच्या जागी. शटरच्या वर भिंतीला मात्र चार भोकं आहेत, ताजी, खाली विटेचा भुगा अजून तसाच. मी परत फिरून काकींना विचारलं.

"पाटी? कुनाची पाटी? चुकून लावली आसंल, काढून नेली. कुलूप हाय ना?"

कुलूप आहे म्हटलं.

"मंग झालं."

म्हणजे प्रितेश म्हणाला तसंच झालं. मनावरचं ओझं उतरलं. तरी केसरीनाथ शटर उघडत होते, त्यांना हाक मारून सांगितलं, पाटी चुकीची होती, काढली. ते म्हणाले, "फोटो काढून झाल्यावर चूक कललीय त्याना?" आणि स्वतःच हसले.

घरी आले तर प्रितेश बाहेरच्या खोलीत, ऑफिसात, बसलेला. सण असूनही आला होता, मागे पडलेली रिटर्नं भरतो म्हणाला. मी त्याच्यासाठी काकींनी बांधून दिलेली कोलंबी काढली. त्याने डबा उघडून वास घेतला, म्हणाला, "कमळकाकींचा हात?" मी म्हटलं, तू त्यांना बघितलंयस कुठे? म्हणाला, "तुमच्याकडून ऐकून ऐकून बघितल्यासारखंच झालंय."

तो गेल्यावर भाऊ बाहेरच्या खोलीत आले. "तुझा तो काळा फोन दिवसभर टुणटुणत होता. सणाच्या दिवशी एवढी रिटर्नं कोण भरतं?"

"तुम्हाला ऐकू आलं?"

"त्यानेच बॅटरी आणून दिलीय ना," भाऊ म्हणाले.

बुधवार, ३ सप्टेंबर

रिटर्नच्या फोनमधले सगळे मेसेज पुसले गेलेत. प्रितेश म्हणाला, मेमरी भरली होती, नवे येत नव्हते. खरं असेल. मी कधीच काही पुसत नाही, ही माझी खोडच आहे.

बुधवार, १० सप्टेंबर

आज वाईट प्रकार झाला. दुपारी ऑफिसात चारजण बसलेले असताना दीपेश आला. बूट न काढता आत.

"ओ मॅडम, काकीचा धंदा कधीपासून चालू केलात?"

मी म्हटलं, आवाज खाली.

"काल घरी सुरतचा माणूस आला. कमल ट्रेडर्स कहाँ है, विचारतो. काकीला वाटलं पाव्हन्यातला कोणी हाय, बसवून चहा पाजला त्याला! तो बोलतो, तुमच्या कपड्याच्या खोट्या बिलामुळे माझे पैसे जीएसटीत अडकलेत, मालकीण कोन? कमळ पाटील मालकीण! आमच्या काकीला बस कुठली पकडायची ते वाचता येत नाही, आणि ती कपडा विकते सुरतला?"

"मला यातलं काही माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही? काकीचं सगळं तुमच्याकडे. आमाला साधा फोन बघून देत नाही ती. आणि तो पत्ता कुठला सांगतो? आमच्या गाळ्याचा! गाळा रिकामा हाय हे मला सुरतच्या मानसाकडनं कळतं!"

'आमच्या' गाळ्याचा. तो शब्द मी बरोबर टिपला.

मी त्याला म्हटलं, गाळा काकींचा आहे, तुमचा नाही, आणि काकींचं काम मी काकींशीच बोलेन. तो मग एकदम खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, मला गाळा पाहिजे, खोटं नाही बोलत. पण काकी जेलात गेलेली मला नाही पाहिजे. तुमी एकदा बघा ना, तिच्या नावावर काय काय हाय ते." आणि गेला. बसलेल्यांपैकी दोघे 'उद्या येतो' म्हणून उठले. परत येतील असं वाटत नाही.

प्रितेश आतल्या टेबलावर होता. बाहेर आला नाही. नंतर चहा घेऊन आला. त्याने विचारलं, तो काय काय म्हणाला, सुरतच्या माणसाचं नाव सांगितलं का, नंबर दिला का. मी आठवेल तसं सांगितलं.

मग मी म्हटलं, पण काकींच्या नावावर असं कोण करू शकेल?

त्याने कप खाली ठेवला. "ताई, मी कोणाचं नाव घेणार नाही. पण घरातल्या माणसाकडे फोटो असतो, लाइट बिल असतं, आधार असतं. आणि गाळा कोणाला हवा आहे, ते तुम्हीच मला सांगितलंय."

माझ्या डोळ्यांसमोर तो पडवीत घुटमळणारा दीपेश आला. चोर तो चोर वर शिरजोर. आधी येऊन ओरडून गेला की संशय आपल्यावर येत नाही.

मला वाटलं होतं पोर्टलवर काकींच्या पॅनवर काय दिसतं ते लगेच बघावं. प्रितेश म्हणाला, मुदतीची गर्दी आहे, साइट उघडत नाही, पंधरा तारखेनंतर शांतपणे तो स्वतः काढून देईल. बघितलं तर खरंच उघडत नव्हती.

शनिवार, १३ सप्टेंबर

ज्या ई-मेलवर सगळ्यांच्या सूचना येतात तो उघडत नाही. प्रितेशने सुरक्षेसाठी पासवर्ड बदलला, सांगायला विसरला. चिठ्ठीवर लिहून दिला. तोही चालत नाही. पुन्हा विचारलं तर म्हणाला, पहिलं अक्षर मोठं. मोठं केलं, तरी नाही. उद्या तो आला की बघेल.

दिवसभरात एकवीस रिटर्नं. पाठ मोडली.

मंगळवार, १६ सप्टेंबर

काल शेवटच्या क्षणी एक दिवस वाढवून मिळाला. संपलं एकदाचं. सगळ्यांची गेली, एकही राहिलं नाही. भाऊंनी विचारलं, कमळचं काय? भरलं म्हटलं. "ते नाही विचारत," म्हणाले. मी झोपायला गेले.

सोमवार, २२ सप्टेंबर

घटस्थापना. ऑफिस बंद. प्रितेश गावी जातो म्हणाला होता, आणि रिटर्नचा फोन, जो हल्ली तो घरी नेतो, तो शनिवारी टेबलावर विसरून गेला होता. घटाला पाणी घालत होते तेव्हा तो वाजला.

जीएसटीचे अधिकारी. बोलणं अगदी सभ्य. "विद्युल्लता चौबळ का? हा नंबर तुमचाच?"

मी हो म्हटलं. तो बावीस वर्षं माझाच आहे.

"कमल ट्रेडर्सचं काम तुम्ही बघता?"

मी म्हटलं, त्या पक्षकार आहेत माझ्या, पण व्यक्तिगत रिटर्नपुरत्या. असा व्यवसाय माझ्या माहितीत नाही.

थोडा वेळ पलीकडून कागद उलटल्याचा आवाज. "नोंदणीला नंबर तुमचा. ई-मेल तुमचा. बिलं चढवली तेव्हाचे ओटीपी या नंबरवर गेले आणि घातले गेले. एक तारखेला."

एक तारीख. मी म्हटलं, एक तारखेला मी वडप्याला गौरीच्या जेवणाला होते. तेही म्हणाले, "वडप्यालाच. बरं." आणि मला वाटलं, हे मी सांगायला नको होतं.

शुक्रवारी अकरा वाजता ते गोदामाची पाहणी करायला येणार आहेत. मालकीणबाईंना हजर ठेवा म्हणाले. आधी दोन नोटिसा ई-मेलवर पाठवल्या होत्या, उत्तर आलं नाही.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की हातातलं पाणी घटाऐवजी पाटावर सांडलंय.

एक तारखेला फोन ऑफिसात होता. ऑफिसात प्रितेश होता. हे मी इथे लिहिते आहे, कारण मनात आलं. पण दीपेशसुद्धा त्या दिवशी... नाही, दीपेश पडवीत होता. मात्र ओटीपी फोनवर येतो तसा ई-मेलवरही जात असेल, आणि ई-मेल कोणीही कुठूनही उघडू शकतं. पासवर्ड बिघडला तोही त्याच सुमारास. असंच असणार. ज्या मुलाने मुदतीचा सगळा भार उचलला, भाऊंची बॅटरी आठवणीने आणली, त्याच्यावर असं मनात आणणंही बरं नाही. उद्या तो आला की त्यालाच सरळ विचारते. मी माणसं ओळखते. हेच तर माझं काम आहे.

मंगळवार, २३ सप्टेंबर

सरळ विचारलं. त्याने नजर चुकवली नाही. म्हणाला, "ताई, एक तारखेला मेसेज खूप आले, हे खरं. मला वाटलं रिटर्नचे आहेत. मी पुसले. माझी चूक झाली. तेव्हाच तुम्हाला दाखवायला हवे होते." डोळ्यांत पाणी होतं. मलाच अपराधी वाटलं.

मग त्याने शांतपणे सगळं मांडलं. शुक्रवारी काकी जर म्हणाल्या की धंदा माझा नाही, तर प्रकरण बनावटगिरीचं होईल. पोलीस येतील. दीपेशला नेतील, आणि त्याच्याआधी मला, कारण नंबर माझा. काकींच्या दारात गाडी उभी राहील, सगळं वडपं बघेल. त्याऐवजी काकींनी एवढंच म्हणायचं की धंदा माझा होता, जमला नाही, बंद करते. मग बंद करण्याचा अर्ज, थोडा दंड, विषय संपला. त्याने अशी तीन प्रकरणं मिटवलेली पाहिली आहेत.

"आणि ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्ही तिथे दिसू नका. नंबर तुमचा आहे म्हणून म्हणतो. काकींना मी घेऊन जातो. मी फक्त ड्रायव्हर."

मी म्हटलं, त्या तुला ओळखत नाहीत, येणार नाहीत.

"तुम्ही सांगितलंत तर येतील."

फोन तो घेऊन गेला. आता यावर कोणाकोणाचे फोन येतील सांगता येत नाही, माझ्याकडे राहू दे म्हणाला.

केसरीनाथांना विचारावं का, असं मनात आलं. पाटी ठोकणाऱ्यांना त्यांनी पाहिलं आहे. त्यांना फोन करून म्हटलं, खाली उभा राहिलेला माणूस कसा दिसायचा? म्हणाले, "कसा म्हंजे? मानसासारका. पोर्‍या चांगला होता, मना हात जोरले, काकी बरी हाय का विचारलं. म्हनून तं मना वाटलं तुमचा मानूस."

म्हणजे काकींना ओळखणारा. दीपेशचाच कोणी मित्र.

गुरुवार, २५ सप्टेंबर

सकाळी काकींना बोलावून घेतलं. एकट्याच आल्या, डोक्यावर पदर, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी पडवळ. दीपेशला सांगू नका, असं मी मुद्दाम बजावलं होतं.

मी त्यांना माझ्या पद्धतीने सांगितलं. आधी चहा. मग गुडघ्याचं विचारलं. मग हळूहळू. त्या ऐकत होत्या आणि माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"माजा धंदा? मी कवा केला?"

"केला नाही काकी. फक्त म्हणायचं."

"साहेबासमोर खोटं बोलायचं?"

"खोटं नाही. कागदावर तो तुमचाच आहे."

"कागदाव कोनी लिवला?"

मी दीपेशचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हटलं की घरातल्या माणसाला वाचवायचं असेल तर हाच रस्ता आहे. त्यांना कळलं. चेहरा एकदम उतरला. "दीप्यान? दीप्या मना भांडंल, गाला मागंल. ह्ये न्हाय करनार तो. त्याला मी बाटलीनं पाजून मोठा केलाय, बाय, त्याची आय बालंतपनात गेलेली."

हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

क्षणभर वाटलं, थांबावं. दीपेशला बोलवावं, तिघांनी मिळून बसावं. पण उद्या अकरा वाजता अधिकारी येणार, आणि शेवटच्या दिवशी बेत बदलला की सगळं फिसकटतं, हे मी बावीस वर्षं लोकांना सांगत आले आहे. मी काकींचा हात हातात घेतला. म्हटलं, माझ्यावर विश्वास आहे ना?

बराच वेळ त्या पडवळाच्या पिशवीची गाठ सोडत राहिल्या.

"तू बोलतेस तं जाईन," म्हणाल्या. "तू येशील ना सोबत?"

"प्रितेश आहे ना. माझाच माणूस समजा."

"कसा हाय दिसाया?"

मी सांगितलं. उंच, सावळा, बोलायला गोड, भेटला की हात जोडतो, तब्येतीची चौकशी करतो. त्या काहीतरी आठवत असल्यासारख्या थांबल्या. "आसा एक ज्येष्ठात आल्ता. गाला भाड्यान देनार का बोल्ला. मी म्हटलं न्हाय द्याचा. मंग बसला, पानी प्याला, माजी सगली विचारपूस केली. चांगला होता बिचारा." मग स्वतःच म्हणाल्या, "तो दुसरा आसंल."

दुसराच असणार. ज्येष्ठात, म्हणजे जूनमध्ये, प्रितेश नुकताच माझ्याकडे आला होता. त्याला तेव्हा काकी ठाऊकही नव्हत्या.

संध्याकाळी तो येऊन सगळं ठरवून गेला. काकींचं मूळ आधार कार्ड आणि पॅन घेऊन गेला, अधिकारी मागतील म्हणून. गाळ्याची किल्लीही काकींनी माझ्याकडे ठेवली होती, ती दिली. जाताना भाऊंना वाकून नमस्कार केला. भाऊंनी पाय मागे घेतले.

तो जिना उतरल्यावर भाऊ म्हणाले, "राहतो कुठे हा?"

"कोनला," मी म्हटलं. मग आठवलं, एकदा 'शेलारला राहतो' म्हणाला होता. माझ्याकडे वडप्यापासून कोनपर्यंतच्या माणसांचे दरवाजे, दारातल्या गाड्या, घरातली भांडणं सगळं पाठ आहे. याचं घर मी पाहिलेलं नाही. हंगामात सवडच झाली नाही. उद्या काम झालं की पत्ता विचारून घेईन आणि दिवाळीला फराळ घेऊन जाईन.

भाऊ म्हणाले, "दीपेशचा नंबर आहे तुझ्याकडे?"

"रिटर्नच्या फोनात आहे," मी म्हटलं.

त्यांनी कानयंत्र काढून टेबलावर ठेवलं.

उद्या सकाळी नऊ वाजता प्रितेश हायवेच्या वळणावर काकींना गाडीत घेईल. घरापर्यंत जाणार नाही, पुतण्या बघेल म्हणून. अकराला अधिकारी गोदामात येतील. काकी धंदा आपला म्हणतील, प्रितेश सांगेल तिथे अंगठा देतील. एकपर्यंत सगळं आटपलं असेल, मग तो मला फोन करील.